ऑपरेशन झालं, वजन उतरलं. पुढची वीस वर्षं कशी काढायची?

वजनाच्या ऑपरेशनबद्दल जे बोललं जातं ते बहुतेक पहिल्या वर्षाचं असतं. किती किलो उतरलं, शुगरच्या गोळ्या सुटल्या का, गुडघ्यांचं कसं आहे. त्या वर्षात दवाखान्यातून फोन येतात, घरचे पाळतीवर असतात, गोळ्या वेळच्या वेळी पोटात जातात. अडचण सुरू होते ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी. तोवर माणूस ठणठणीत झालेला असतो. ऑपरेशन पुण्याला किंवा बंगळूरला झालेलं असेल तर फेरतपासणीला जायचं म्हणजे दोन दिवसांचा खाडा. मग 'मला तर काहीच होत नाही' म्हणून गोळ्यांचा डबा कपाटात जातो. मी बेळगावात शहापूरला मेडिकल दुकान चालवते. डबा कपाटात गेल्यावर पुढे काय होतं ते काउंटरवर बसून बघत आले आहे, आणि त्यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं असतं.

हे ऑपरेशन वाईट, असं मला अजिबात म्हणायचं नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑपरेशन केलेल्या आणि न केलेल्या लठ्ठ लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. ऑपरेशन झालेले सुमारे ३ वर्षं जास्त जगले. पण त्याच अभ्यासात आणखी एक दिसलं. ऑपरेशन झालेल्या मधुमेहींपैकी २ वर्षांनी शंभरातल्या ७२ जणांची शुगर औषधाशिवाय ताब्यात होती. १५ वर्षांनी तो आकडा ३० वर आला. फायदा मोठा आहे, पण तो राखावा लागतो.

पोटात नेमकं काय बदललंय

आपल्याकडे मुख्यतः दोन तऱ्हेची ऑपरेशनं होतात. एक स्लीव्ह. यात जठराचा सुमारे पाऊण भाग, कधी थोडा जास्तच, कापून कायमचा काढतात आणि मागे एक अरुंद नळी उरते. भूक चेतवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक सगळ्यात जास्त त्या काढलेल्या भागातच तयार होत असतं, म्हणून सुरुवातीचे महिने भूक फारशी लागतच नाही. दुसरं बायपास. यात जठराच्या वरच्या टोकाला एक छोटी पिशवी वेगळी करतात, साधारण ३० मिलीची, आणि तिला लहान आतड्याचा पुढचा भाग जोडतात. बाकीचं जठर पोटातच राहतं, रस तयार करत राहतं, पण अन्न तिथे जात नाही. बायपासमध्येही दोन जोडांचा जुना प्रकार आणि एकाच जोडाचा 'मिनी' असे भेद आहेत. मिनी आपल्या देशात बराच केला जातो.

घरच्यांना विचारलं की उत्तर येतं, 'पोट लहान केलंय.' काहीजण तर 'चरबी काढली' म्हणतात, जे अगदीच वेगळं ऑपरेशन आहे. स्लीव्ह की बायपास, एवढं तरी घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवं, कारण पुढचे धोके त्यावर ठरतात. स्लीव्ह झालेल्याला छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं हा त्रास जास्त. तो वर्षानुवर्षं राहिला तर अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराला इजा होते, म्हणून अशांनी अधूनमधून दुर्बिणीची तपासणी करून घ्यायची असते; नुसत्या ॲसिडिटीच्या गोळ्या आणून दिवस काढायचे नसतात. बायपास झालेल्याला जीवनसत्त्वं-खनिजं कमी पडणं, जोडावर अल्सर होणं आणि आतडं अडकणं यांचा धोका जास्त.

कमतरता उशिरा का कळते

बी-१२ हे जीवनसत्त्व अन्नातून सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, आणि रक्तात शोषलं जायला जठरातच तयार होणारं एक खास प्रथिन लागतं. जठर कापलं किंवा वळसा घालून टाळलं की दोन्ही कमी पडतात. तरी लगेच काही होत नाही, कारण यकृतात काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो. कणगी भरलेली असली की पेरणी चुकली तरी घरात चूल पेटत राहते, आणि तळ लागेपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. माळकरी घरांत, जिथे मांस-मासे-अंडी नाहीत आणि बी-१२ फक्त दूध-दह्यातून येतं, तिथे मुळात कणगीच अर्धी असते.

साठा संपल्यावर त्रास पायांपासून सुरू होतो. गेल्या पावसाळ्यात वडगावची, बायपास झालेली एक बाई दुकानात आली. म्हणाली, "अक्का, तळव्याला मुंग्या येवालेत. काल चप्पल पायातनं निसटली तरी कळ्ळं नाही बघा. शुगर परत आली काय की. जुनी गोळी चालू करू काय?" मी विचारलं, "वैनी, बी-१२ चं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंत?" तर म्हणाली, "ते सोडून लई दिवस झाले की. बरंच वाटत होतं, मग कशाला टोचून घ्यायचं?" बायपास झालेल्या माणसाने चप्पल निसटल्याचं न कळणं, अंधारात तोल जाणं, डोळे मिटून तोंड धुताना झोक जाणं यातलं काहीही अंगावर काढू नये. ही नसांची इजा लवकर सापडली तर भरून येते, फार उशीर झाला तर काही अंशी कायमची राहते. शुगरची गोळी मनाने चालू केली असती तर मुंग्या तशाच राहिल्या असत्या आणि शुगर भलतीच उतरायचाही धोका होता.

लोहाचं गणित वेगळं आहे. लोह मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि बायपासमध्ये तोच भाग वगळला जातो. पाळी चालू असलेल्या बायकांना याचा फटका सगळ्यात आधी बसतो. जिना चढताना धाप, केस गळणं, माती-खडू-कच्चे तांदूळ खावेसे वाटणं, ही सगळी लोह कमी असल्याची चिन्हं. ऑपरेशननंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात बऱ्याचजणांचे केस गळतात, ते शरीराला बसलेल्या धक्क्यामुळे, आणि परत येतात. वर्ष उलटल्यावर गळत असतील तर तपासणी करायला हवी.

कॅल्शियममध्ये एक फसवी गोष्ट आहे. पोटातून कॅल्शियम कमी मिळालं की शरीर ते हाडांतून काढून रक्तात आणतं. त्यामुळे रक्तातलं कॅल्शियम तपासलं तर रिपोर्ट नॉर्मल, आणि हाडं मात्र पोकळ होत चाललेली. म्हणून कॅल्शियमबरोबर डी जीवनसत्त्व आणि पीटीएच हे संप्रेरकही तपासावं लागतं.

आता दुकानदार म्हणून सांगायचं ते. कॅल्शियमच्या स्वस्त गोळ्या बहुतेक कार्बोनेटच्या असतात. कार्बोनेट शोषायला आम्ल लागतं, सायट्रेटला लागत नाही. चिठ्ठीवर सायट्रेट लिहिलेलं असेल आणि हातात कार्बोनेट आलं तर ते परत करा, भीड धरू नका. दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पण एका वेळी ५०० - ६०० च्या वर शरीर नीट घेत नाही, म्हणून दोन-तीन वेळा विभागून घ्यायचं. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांच्यात किमान २ तासांचं अंतर हवं, नाहीतर कॅल्शियम लोहाच्या आड येतं. आणि लोहाची गोळी चहाबरोबर कधीच नको. आपल्याकडे सकाळच्या चहाबरोबर सगळ्या गोळ्या एकदम गिळायची पद्धत आहे. नुसती ही सवय मोडली तरी हिमोग्लोबिनमध्ये फरक दिसू शकतो. बी-१२ गोळीने रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, असं साधारण प्रमाण धरतात. तुमच्यासाठी नेमकं किती, हे तुमचे डॉक्टर रक्त बघून ठरवतील. या गोळ्या जन्मभराच्या आहेत. बरं वाटतंय ते त्यांच्यामुळेच, म्हणून बरं वाटलं की सोडायच्या, हे इथे चालत नाही.

उलट्या आणि सलाईन

हा भाग कृपा करून घरातल्या सगळ्यांनी वाचावा. बी-१ म्हणजे थायमिन या जीवनसत्त्वाचा साठा शरीरात काही आठवड्यांपुरताच असतो. ऑपरेशन झालेल्या माणसाला कुठल्याही कारणाने उलट्या लागल्या आणि आठवडाभर अन्न टिकलं नाही तर तो साठा संपू शकतो. मग डोळे नीट फिरत नाहीत, एकाचे दोन दिसतात, चाल अडखळते, माणूस बरळायला लागतो. मेंदूला झालेली ही इजा आहे. तिला वेर्निकेचा विकार म्हणतात आणि तिच्यावर तासांच्या हिशेबाने उपचार व्हावे लागतात.

आपल्याकडे अशक्तपणा आला की पहिलं वाक्य असतं, 'एक सलाईन लावा.' अशा माणसाला थायमिन न देता ग्लुकोजचं सलाईन लावलं तर उरलंसुरलं थायमिन ते ग्लुकोज जाळण्यात खर्ची पडतं आणि विकार उफाळतो. म्हणून गावातल्या डॉक्टरांना, रात्रपाळीच्या नर्सला आधी सांगायचं: वजनाचं ऑपरेशन झालेलं आहे, आधी थायमिनचं इंजेक्शन द्या, मग ग्लुकोज. यात कुणाला शिकवल्यासारखं काही नाही. चांगला डॉक्टर ही माहिती मिळाली म्हणून खूशच होईल.

ताट, पंगत आणि कुंदा

ऑपरेशननंतर एका वेळी जेमतेम वाटीभर जेवण जातं. पुढे थोडं वाढतं, पण पूर्वीसारखं कधीच नाही. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं त्यातच बसवायची असतात, म्हणून ताटाचा क्रम उलटा करावा लागतो: आधी अंडं, मासा, चिकन, पनीर, घट्ट वरण किंवा उसळ, मग भाजी, आणि जागा उरलीच तर चतकोर भाकरी किंवा दोन घास भात. आपल्या भागात हुलग्याचं कढण, कटाची आमटी ताकद देते असा समज आहे. चवीला ती उत्तमच आहे, पण प्रथिन दाण्यात असतं, वरच्या पाण्यात फार थोडं. एका अंड्यात ६ ग्रॅम मिळतं, पाव लिटर दुधात ८ च्या आसपास. घरच्या अन्नातून ६० चा आकडा गाठायला रोज जुळवाजुळव करावी लागते. ती जमत नसेल तर प्रोटीन पावडर घेण्यात कमीपणा नाही.

घास लहान, चावून अगदी लगदा केलेला. जेवताना पाणी नाही. अर्ध्या तासाने प्यायचं. छातीत दाटून आलं, उचकी लागली, नाक वाहायला लागलं की हात धुवायचा, ताटात काय उरलंय ते बघायचं नाही. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून मुरवली की सहसा सोसते. गरम भाताचा गोळा आणि मऊ पाव बऱ्याचजणांना घशाखाली अडकल्यासारखे वाटतात.

गोडाचा विषय बेळगावात टाळता येत नाही. कुंदा, मांडे, गोकाकचा करदंट, गुऱ्हाळावरचा ताजा रस. बायपास झालेल्या माणसाने, आणि काही वेळा स्लीव्हवाल्यानेही, असं गोड पोटभर खाल्लं तर साखर एकदम आतड्यात उतरते. ती आतड्यात पाणी ओढते, आणि दहा मिनिटं ते अर्ध्या तासात पोटात मुरडा, धडधड, घाम, जुलाब, गरगरणं सुरू होतं. याला डम्पिंग म्हणतात. त्याचा दुसरा प्रकार जास्त घोटाळ्याचा आहे. खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी, शरीराने गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन सोडल्यामुळे, शुगर खाली जाते. हात थरथरतात, घाम फुटतो, डोकं चालत नाही. मग माणूस मूठभर साखर खातो, तासाभराने पुन्हा तेच. शुगर खरंच उतरली असेल तर थोडी साखर घ्यावीच लागते, पण तिच्या पाठोपाठ अंडं, शेंगदाणे, दही असं काही खायचं, म्हणजे झोका थांबतो. असं वारंवार होत असेल, विशेषतः गाडी चालवणाऱ्याला, तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

पंगतीत सगळ्यात अवघड असतो तो आग्रह. 'एवढंच? घे की अजून अर्धी.' आपल्याकडे वाढणारीचा जीव त्यात असतो, नाही म्हटलं की तिला लागतं. माझं मत स्पष्ट आहे. ज्या घरात असं माणूस आहे त्या घरातल्या दुसऱ्या कुणीतरी, नवऱ्याने, सासूने, मोठ्या जावेने, पुढे होऊन 'तिला डॉक्टरांनी एवढंच सांगितलंय' म्हणायचं. हे तिने एकटीने प्रत्येक पंगतीला सांगत बसायचं नाही.

दुसरी टोचणी रस्त्यात भेटते. 'किती वाळलीस गं, शुगर लागली काय?' तीस-चाळीस किलो उतरल्यावर चेहरा ओढल्यासारखा होतो, दंडाची आणि पोटाची कातडी लोंबते, घड्यांत घामाने पुरळ येतं. लोक कौतुकाऐवजी काळजी दाखवतात. आणि पूर्वी दुःख झालं की जे खाऊन मन रमवायचं, ते खाणंही आता हातात उरलेलं नसतं. अशा ऑपरेशननंतर काही लोकांत नैराश्य आणि जिवाचं बरंवाईट करून घेण्याचे विचार वाढतात, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. तसं काही वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करा. बोलायला पैसे पडत नाहीत. दारूचंही याच जागी सांगते. बायपासनंतर दारू फार लवकर आणि जास्त चढते, आणि पूर्वी व्यसन नसलेल्यालाही ते लागू शकतं, बहुधा दुसऱ्या वर्षानंतर. गोवा दोन-अडीच तासांवर आहे, म्हणून हे आधीच बोलून ठेवलेलं बरं.

वजन पुन्हा वाढलं तर

बहुतेकांचं वजन एक-दोन वर्षांत सगळ्यात खाली जातं आणि मग थोडं वर येतं. ते अपेक्षित आहे. शरीर हरवलेलं वजन परत मिळवायला धडपडतं, भूक वाढवतं, ऊर्जा कमी जाळतं. हा त्या माणसाचा हलगर्जीपणा नाही, आणि घरच्यांनी 'लाखो रुपये पाण्यात गेले' म्हणायचं काही कारण नाही. पण वाढ थांबत नसेल तर काय खाल्लं जातंय ते तपासा. बहुतेक वेळा सापडतात ते साखरेचे पाच-सहा चहा, खारी, बिस्किटं, चिवडा. चावून लगदा होणाऱ्या या गोष्टी लहान झालेल्या पोटातूनही सहज सरकतात. आता वजनासाठी नवी औषधंही आली आहेत. डॉक्टरांकडे परत जायला लाजू नका.

काउंटरवरून न मागायच्या गोळ्या

अंगदुखी, कंबरदुखी म्हटलं की लोक डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसेक्लोफेनॅक मागतात. बायपास झालेल्या माणसाच्या जोडावर यांनी अल्सर होऊ शकतो, तो फुटूही शकतो. पॅरासिटामॉल चालते. मलम चोळा, शेक घ्या, पण ही पाकिटं घरात ठेवू नका. पाकिटावर एसआर, ईआर, एक्सआर अशी अक्षरं असलेल्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या बायपासनंतर पुरत्या शोषल्या जात नाहीत. बीपी, थायरॉइडची गोळी चालू असेल तर डोस पुन्हा बघून घ्यावा लागतो. आणि तंबाखू. निपाणीच्या काळ्या रानात पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू पिकला, बिडी आणि मिश्री घराघरात आहे. बिडी-सिगारेटने जोडावरच्या अल्सरचा धोका वाढतो हे पक्कं ठाऊक आहे. मिश्रीतही तेच निकोटीन असतं आणि ते रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे जोडाला लागणारं रक्त कमी पडतं. मिश्री लावणाऱ्या बायका 'मी कुठे बिडी ओढते' म्हणतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दिवस राहिले तर

वजन उतरलं की बिघडलेली पाळी सुधारते, आणि वर्षानुवर्षं न राहिलेले दिवस अचानक राहतात. ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर एकट्याने विसंबू नये, कारण त्या पुरेशा शोषल्या जातीलच असं नाही. गरोदरपणात सरकारी दवाखान्यात शुगर तपासायला ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजतात. बायपास झालेल्या बाईला त्याने जोरदार डम्पिंग होऊ शकतं. त्याऐवजी आठवडाभर घरी बोटाला टोचून शुगर बघता येते. आशाताईला आणि डॉक्टरांना हे पहिल्याच भेटीत सांगा आणि तायी कार्डावर, म्हणजे गरोदर बाईच्या सरकारी नोंदीच्या कार्डावर, लिहून घ्या.

पोटात कळ आली तर

पहिल्या वर्षी वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर दुखतं. ते ओळखायला सोपं, सोनोग्राफीत दिसतं. बायपासनंतर आणखी एक प्रकार असतो, कधी कधी कित्येक वर्षांनी उद्भवणारा: आतड्याची नवी मांडणी करताना तयार झालेल्या फटीत आतड्याचं वेटोळं अडकतं. पोटात एकदम मुरडून कळ येते, पाठीत जाते, कधी उलटी होते, कधी होतही नाही. एक्स-रे आणि सोनोग्राफी नॉर्मल येऊ शकते. 'गॅस झालाय' म्हणून सोडा आणि ओवा खात रात्र काढली तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो. अशा वेळी सीटी स्कॅन आणि हे ऑपरेशन जाणणारा सर्जन लागतो. गरोदर बाईला हा धोका अधिक. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून किंवा चिकोडीकडच्या वाडीतून मोठ्या दवाखान्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून सकाळची वाट बघू नका.

आपल्या भागात आणखी एक अडचण असते. फाईल इंग्रजीत, नर्स कन्नड बोलणारी, पेशंट मराठी, आणि ऑपरेशन केलेले डॉक्टर शेकडो किलोमीटरवर. म्हणून एका जाड कागदावर इंग्रजीत आणि कन्नडमध्ये लिहून पाकिटात ठेवा: कुठलं ऑपरेशन, कुठल्या साली, कुठल्या दवाखान्यात, डायक्लोफेनॅक-आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं चालत नाहीत, ग्लुकोजआधी थायमिन. कन्नड लिहिता येत नसेल तर शेजारच्या कुणालाही सांगा, इथे तेवढं कुणीही लिहून देतं. वर्षातून एकदा रक्तातलं हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, पीटीएच तपासायचं. त्यासाठी पुण्याला जायला नको, बेळगावातल्या लॅबमध्ये होतं, रिपोर्ट तिकडच्या डॉक्टरांना मोबाईलवर पाठवता येतो. त्या कागदाचा आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलमध्येही असू द्या. कळ येऊन पडलेल्या किंवा बरळणाऱ्या माणसाला स्वतःचा मोबाईल उघडून दाखवता येत नाही.